मस्टँग १०९ च्या आत वळलं, म्हणून पोरगा चीटर?

घार | रविवार, रात्री ११:४८
मंडळी, विषय आमच्या पुण्याच्या डीसीएस (संगणकावर लढाऊ विमानं उडवायचा सिम) ग्रुपचा आहे. पण इथे इल-२ आणि वॉर थंडर खेळणारेही बरेच आहेत, म्हणून उघडच मांडतोय.

ग्रुपमध्ये 'अभ्र' नावाचा मुलगा नवीन आलाय. बारावीत आहे, सहकारनगरला राहतो. रविवारी रात्री आमचा दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांचा सर्व्हर चालतो. तिथे तो पी-५१डी मस्टँग घेतो आणि सगळ्यांना पाडतो, अगदी वर्षानुवर्षं स्टिक धरलेल्यांनासुद्धा. आज तिघांनी चॅटवर त्याला सरळ चीटर म्हटलं, एकाने 'बॅन करा' असं लिहिलं. पोरगा एक अक्षर न बोलता सर्व्हर सोडून गेला. मेसेजलाही उत्तर नाही.

आरोप असे की त्याचं अमेरिकन मस्टँग जर्मन मेसरश्मिट १०९ च्या आत, म्हणजे लहान वर्तुळात, वळतं, जे वळायला नको. मागून येणारा त्याला आधीच कळतो. आणि लांबचा ठिपका त्याला सगळ्यांच्या आधी दिसतो.

माझं मत स्पष्ट आहे. पुरावा न बघता कुणालाही चीटर म्हणू नये, आणि सतरा वर्षांच्या पोराला तर नाहीच नाही. पण सर्व्हर मी चालवतो, त्यामुळे उद्या खरंच काही निघालं तर बाकीच्यांना उत्तर मलाच द्यायचंय. कौशल्य कुठे संपतं आणि रडीचा डाव कुठे सुरू होतो, हे तुम्ही कसं ठरवता?

रास्तापेठी | रविवार, रात्री ११:५५
बॅन नको. आधी टॅकव्ह्यूची (लढतीच्या रेकॉर्डिंगची) फाइल बघ.

१०९_प्रेमी | सोमवार, रात्री १२:१०
चॅटवर बोलणाऱ्या तिघांपैकी एक मी. इथेही तेच म्हणेन.

के-४ हे १०९ चं शेवटचं मोठं रूप. वजनाला मस्टँगपेक्षा हलकं, चढायला सरस, आणि मेथनॉल-पाण्याचं बूस्ट चालू केलं की काही विचारू नका. वळणाच्या लढतीत मस्टँगने के-४ शी भिडू नये हे पहिल्या दिवशी शिकवतात. मग हा पोरगा दोन वळणांत माझ्या शेपटीवर येतोच कसा? तोही एकदा नाही, दर वेळी. भौतिकशास्त्राचे नियम त्याच्यासाठी वेगळे आहेत का? मी रागाने बोलत नाहीये. मला उत्तर हवंय.

हडपसरचा_ग्लायडर | सोमवार, सकाळी ७:२०
उत्तर देतो. थोडं लांबेल.

मी सिम खेळायच्या आधी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला ग्लायडर उडवले. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे ऊर्जेचा हिशेब पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडतो. उंची म्हणजे बँकेतली शिल्लक, वेग म्हणजे खिशातली रोकड. खाली येताना शिल्लक मोडून रोकड मिळते, वर जाताना रोकड परत भरता येते, आणि प्रत्येक व्यवहारात हवा आपलं कमिशन कापून घेते.

आता १०९_प्रेमी, तुमच्या प्रश्नाकडे. '१०९ चांगलं वळतं' हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या वेगाला वळतं? ताशी ३००-३५० किलोमीटरला के-४ मस्टँगला सहज भारी पडेल. पण वेग ६०० च्या वर गेला की १०९ ची स्टिक दगडासारखी जड होते. पायलट कितीही ओढू दे, नाक वर खेचण्याएवढा शेपटीचा एलिव्हेटर हलतच नाही. सिममध्ये हे नीट उतरवलंय. मस्टँगची स्टिक त्याच वेगाला बरीच हलकी राहते.

आकडे घ्या. दोघंही ताशी ६४० किलोमीटरला आहेत. समजा मस्टँगवाला ६ जी (गुरुत्वाच्या सहापट जोर) ओढतोय आणि १०९ वाल्याला जेमतेम ४ जी मिळतायत. मस्टँगच्या वळणाची त्रिज्या येते साधारण ५४५ मीटर, १०९ ची ८३०. जवळजवळ ३०० मीटरचा फरक. तो आत वळणार नाही तर काय करेल? नियम त्यालाही तेच आहेत. तो लढत त्याला हव्या त्या वेगाला करतोय आणि तुम्ही त्याच वेगाला त्याच्याशी वळायला जाताय.

शिवाय मस्टँगचे फ्लॅप (पंखांमागच्या, वळण घट्ट करणाऱ्या पट्ट्या) १० अंशांपर्यंत ताशी ४०० मैल वेगालाही चालतात. पोरगा ते वापरत असणार.

सिंहगड_रोड | सोमवार, सकाळी ८:०५
+१. रोकड-शिल्लक आवडलं.

मंजिरी_पाषाण | सोमवार, सकाळी ९:३०
हडपसरच्या दादांनी वळणाचं सांगितलंच आहे. मी नेमबाजीचं सांगते, कारण 'एका फैरीत पाडतो' ही कुरकुरही मी त्या रात्री ऐकली.

पी-५१डी मध्ये के-१४ नावाची जायरो गनसाइट (नेम धरायची काच) आहे. तिच्यावर पंखांच्या लांबीची तबकडी असते, ३० ते १२० फुटांची. १०९ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ९.९७ मीटर, म्हणजे जवळपास ३३ फूट. तबकडी ३३ वर ठेवायची. मग थ्रॉटलची मूठ पिळून हिऱ्यांचं वर्तुळ लहान-मोठं करायचं, शत्रूच्या पंखांना टेकेल इतकं. सेकंदभर हात न हलवता त्याला त्या वर्तुळात धरलं की पुढे किती मारायचं हे साइट स्वतः दाखवते. 

आमच्या ग्रुपमध्ये किती जण ती तबकडी फिरवतात? मी विचारून पाहिलंय. बहुतेकांनी साइट स्थिर ठेवलीये आणि अंदाजाने मारतात. अभ्रचा खेळ मी एकदा स्क्रीन शेअरवर पाहिला होता. फोके-वुल्फ (दुसरं जर्मन विमान) समोर आलं की तो तबकडी बदलतो, १०९ आलं की परत बदलतो. लढत चालू असताना. ते बघून मला त्याचं कौतुक वाटलं होतं, शंका नाही आली.

याउलट के-४ ची ३० मिलिमीटरची तोफ. गोळी सुटते सेकंदाला साधारण ५४० मीटरने. ३०० मीटरवर पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात आडवं जाणारं विमान सत्तर-ऐंशी मीटर पुढे सरकलेलं असतं. गोळ्या फक्त ६५. लागली तर एकच पुरते, पण लागायला हवी ना. १०९ वाल्यांना त्याची नेमबाजी जादू वाटते त्याचं अर्धं कारण त्यांच्या स्वतःच्या तोफेत आहे.

आणि एक. मी सुरुवातीला नुसतं टाइप करायचे तेव्हा परदेशी सर्व्हरवर 'चीटर' ऐकलं. माइक चालू करून बोलायला लागले तेव्हा आरोप बदलला: आता म्हणे माझा भाऊ उडवतो आणि मी फक्त बोलते. ज्याला हरणं पचत नाही तो कारण शोधतोच. म्हणून मला या पोराची काळजी वाटते.

तिरका | सोमवार, सकाळी १०:१५
सगळे पोराच्या बाजूने. मी दुसरी बाजू मांडतो.

चीटर असतात. मी इल-२ च्या जुन्या दिवसांपासून ऑनलाइन आहे. २००७ च्या सुमारास गेमच्या फाइल्स फुटल्या आणि मॉड यायला लागले. नवीन आवाज, नवीन विमानं, सगळं छान. पण त्यानंतर समोरच्याचं विमान त्याच्या संगणकावर नेमकं कसं बदललंय हे कुणालाच सांगता येईना. सर्व्हरवाले फाइल तपासणी लावायला लागले, समाज दोन तुकड्यांत फुटला. वॉर थंडरमध्ये तर नेम धरून देणारे प्रोग्रॅम विकत मिळतात. तेव्हा 'सगळे सज्जन आहेत' असं धरून सर्व्हर चालवता येत नाही.

आणि चीटिंगला प्रोग्रॅमच लागतो असंही नाही. मेल्यावर स्पेक्टेटरमध्ये बसून मित्राला फोनवर शत्रू कुठे आहे ते सांगणं. दोन्ही बाजूंना एकेक खातं ठेवणं. नकाशावर सगळी विमानं दिसत असतील तर लढता लढता नकाशा उघडून बघणं. हे मी स्वतः पकडलंय. घार, तुझ्या सर्व्हरवर एफ-१० बटणाचा नकाशा काय दाखवतो?

घार | सोमवार, दुपारी १:०२
@तिरका, रास्त प्रश्न. नकाशावर फक्त स्वतःचं विमान दिसतं. विमानांवरची नावाची लेबल बंद, बाहेरून बघायचे कॅमेरे बंद, स्पेक्टेटरला शत्रूची बाजू दिसत नाही. सर्व्हरवर प्युअर क्लायंटची अट आहे, म्हणजे फाइल बदललेली असेल तर आत घेत नाही.

तिरका | सोमवार, दुपारी १:२०
आणि ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट?

सिंहगड_रोड | सोमवार, दुपारी १:३१
हे काय असतं?

तिरका | सोमवार, दुपारी १:५०
डीसीएसच्या सर्व्हरला एक सेटिंग असतं, खेळाडूच्या संगणकाला आकाशातल्या सगळ्या वस्तूंची माहिती बाहेर काढू द्यायची की नाही याचं. ते चालू असेल तर शेजारच्या स्क्रीनवर प्रत्येक विमान, त्याची उंची, दिशा, सगळं बघता येतं. गेमची एकही फाइल बदलावी लागत नाही, म्हणून प्युअर क्लायंटची अट त्याला अडवत नाही. मागून येणारा न बघता कळतो म्हणता ना? मी पहिला संशय इथे घेईन. पोरावर नाही, सेटिंगवर.

घार | सोमवार, संध्याकाळी ६:४०
ऑफिसमधून आल्या आल्या पाहिलं. ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट बंद, सेन्सर एक्स्पोर्टही बंद. सर्व्हर उभा केला तेव्हापासून बंदच आहे, कॉन्फिग फाइलच्या तारखेवरून दिसतंय. टॅकव्ह्यूचं रेकॉर्डिंग सर्व्हरच्या बाजूने होतं, ते सगळ्या रविवारांचं माझ्याकडे आहे. आज रात्री बसून बघतो.

न्यूजर्सीकर | सोमवार, संध्याकाळी ७:१५ (माझी सकाळ)
मी रविवारी सकाळची कॉफी घेऊन तुमच्या सर्व्हरवर येतो. सर्व्हर मुंबईत, मी अटलांटिकच्या पलीकडे. माझा पिंग (माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या खाली क्वचितच येतो.

६०० किलोमीटर ताशी म्हणजे सेकंदाला १६७ मीटर. २०० मिलिसेकंदांत विमान ३३ मीटर पुढे गेलेलं असतं. मस्टँगची लांबी १० मीटरही नाही. म्हणजे मला जे मस्टँग दिसतं ते खऱ्या जागेपासून तीन विमानं मागे असू शकतं. मधली जागा संगणक अंदाजाने भरतो. समोरचा सरळ जात असेल तर अंदाज बरोबर येतो. तो अचानक वळला की अंदाज चुकतो आणि विमान उडी मारल्यासारखं दिसतं. मला अभ्रच काय, तुम्ही सगळेच कधी ना कधी अशक्य वळताना दिसता.

पुण्यातल्या पुण्यात हा फरक नगण्य आहे. पण तिघांपैकी एकाचं नेट मोबाइल हॉटस्पॉटवर चालतं हे मला माहीत आहे. नाव घेत नाही.

१०९_प्रेमी | सोमवार, संध्याकाळी ७:२२
मी नव्हे. माझ्याकडे फायबर आहे.

एसेस_हाय_वाला | सोमवार, रात्री ८:००
नेटवरून आठवलं. २००० सालानंतरची काही वर्षं मी एसेस हाय खेळायचो. तिथे दोन विमानांची टक्कर झाली की नाही हे ज्याच्या त्याच्या संगणकावर ठरायचं. माझ्या स्क्रीनवर मी त्याला धडकलो तर माझं विमान तुटणार. त्याच्या स्क्रीनवर मी पन्नास फुटांवरून गेलो असेन तर तो मजेत उडत राहणार. दोघांचंही चित्र आपापल्या जागी खरं. पण मेलेला माणूस चॅटवर 'हा धडकून मारतो आणि याला काही होत नाही' म्हणून बोंब मारायचा. गेम बनवणाऱ्यांनी कितीदा समजावलं तरी दर आठवड्याला नवा भांडणारा तयार.

जोशीकाकू_फॅन | सोमवार, रात्री ८:४४
अवांतर: रविवारी रात्री मी हेडफोन लावून 'सहा वाजता! सहा वाजता!' (म्हणजे शत्रू मागे) ओरडत असतो. बायको शांतपणे येऊन म्हणाली, अकरा वाजलेत, झोपायला या.

मंजिरी_पाषाण | सोमवार, रात्री ८:५०
😄 आमच्याकडे आई विचारते, 'बारा वाजता कोण येणारे?'

निवृत्त_सार्जंट | सोमवार, रात्री ९:३०
मी हवाई दलात होतो, जमिनीवरच्या कामात. शेवटची पोस्टिंग लोहगावला. सिम नातू खेळतो, मी शेजारी बसतो. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

तुम्ही लोक जे भांडताय ते खऱ्या पायलटांचंही जुनं भांडण आहे. २०१५ मध्ये आपली सुखोई-३० विमानं इंद्रधनुष सरावासाठी ब्रिटनला गेली होती. आपल्याकडून सांगण्यात आलं की जवळच्या लढतीत ब्रिटिश टायफून विमानांविरुद्ध १२-०. ब्रिटिशांनी ते मानलं नाही. त्याआधी २००४ ला ग्वाल्हेरला कोप इंडिया सराव झाला, आपल्या पायलटांनी अमेरिकन एफ-१५ ना चांगलंच दमवलं. त्यावरही लगेच चर्चा: अमेरिकनांची संख्या कमी होती, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं धरली नव्हती, नियमच तसे होते. कुणी कुणाला चीटर म्हटलं नाही, पण सूर तोच. हरलेल्याला नियम आठवतात.

म्हणूनच अमेरिकेने १९७० च्या दशकात लढतीची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी केली. विमानाला पॉड लावायचा, त्याची जागा, वेग, उंची जमिनीवर रेकॉर्ड व्हायची. लढत संपली की सगळे एका खोलीत बसून तीच लढत पडद्यावर पुन्हा बघणार. कारण दोन चांगले, प्रामाणिक पायलट एकाच लढतीची दोन वेगळी वर्णनं करतात. खोटं कुणीच बोलत नसतं. गुरुत्वाने मान खाली दाबलेली, नजर एका बाजूला, त्यात जे दिसलं तेवढंच त्याला खरं वाटतं. त्या यंत्रणेला एसीएमआय म्हणायचे. तुमच्या टॅकव्ह्यूच्या फाइलीचं शेवटचं नाव तेच आहे, नातवाने दाखवलं.

घार, त्या तिघांना आणि त्या मुलाला एकत्र बसवून फाइल लाव. एकट्याने बघून निकाल देऊ नकोस.

रास्तापेठी | सोमवार, रात्री ९:४१
काका, मनापासून धन्यवाद. असे प्रतिसाद वाचायला मी इथे येतो.

चाफेकर_चौक | सोमवार, रात्री १०:०५
काकांच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत जॉन बॉइड नावाचा पायलट होता. नेलिस तळावर शिकवायचा. कुणीही माझ्या शेपटीवर बसून सुरुवात करा, ४० सेकंदांत मी तुमच्या शेपटीवर असेन, नाहीतर ४० डॉलर घ्या, अशी त्याची कायमची पैज असल्याचं सांगतात. पुढे त्यानेच ऊर्जेचं गणित मांडलं, वर हडपसरच्या दादांनी सांगितलं त्याचं मूळ. आज तो आपल्या सर्व्हरवर आला असता तर पहिल्याच रविवारी बॅन झाला असता.

आणि जर्मन पायलट मार्साय. १ सप्टेंबर १९४२ ला आफ्रिकेत एका दिवसात १७ विमानं पाडल्याचा त्याचा दावा. त्यावर अजून वाद चालू आहेत, लोक ब्रिटिशांच्या नुकसानीच्या नोंदी काढून ताळा करतात. पहिल्या महायुद्धात आपल्या इंद्रलाल रॉयने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विजय मिळवले, आणि त्याच महिन्यात १९ व्या वर्षी गेला. लहान वय आणि अचानक भरपूर विजय यात अशक्य काही नाही.

तिरका | सोमवार, रात्री १०:३०
इतिहास छान आहे, पण ती माणसं होती. आता प्रश्न मशीनचाही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने सिममध्ये एफ-१६ ची स्पर्धा घेतली. संगणकाने अनुभवी पायलटला ५-० हरवलं. पण संगणकाला समोरच्याची नेमकी जागा क्षणाक्षणाला मिळत होती, आणि तो समोरासमोर येऊन अशा गोळ्या मारत होता ज्या सरावात सुरक्षेसाठी मना असतात. जिंकला, पण कशाच्या जोरावर? मी हेच विचारतोय. निकाल बघू नका, माहिती कुठून आली ते बघा. मला न दिसणारी माहिती समोरच्याला मिळत असेल तर तिथे कौशल्याचा विषय संपतो.

हडपसरचा_ग्लायडर | सोमवार, रात्री १०:४८
@तिरका, याच्याशी शंभर टक्के सहमत. या धाग्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य. रेकॉर्डिंगमध्ये तेच शोधायचं: शत्रू त्याला दिसू शकत नाही अशा जागी असताना तो त्याच्याकडे वळतोय का? ढगाआडच्याकडे, सूर्यातल्याकडे, पोटाखालच्याकडे? बुद्धिबळात निदान चाली इंजिनाशी ताडून बघता येतात. इथे आपल्याकडे हीच एक कसोटी आहे.

घार | मंगळवार, रात्री १:२५
रेकॉर्डिंग बघितली. उशीर झालाय तरी लिहितो, कारण झोप लागणार नाही.

@१०९_प्रेमी, तुमची लढत आधी. तुम्ही ३००० मीटरवर होता, अभ्र ४५०० वर. तो तुमच्यावर आला तेव्हा त्याचा वेग ७०० च्या वर होता. तुम्ही त्याला बघून डाइव्ह मारलीत, तुमचाही वेग ६५० झाला, आणि तिथे तुम्ही वळलात. हडपसरने लिहिलं तसंच. तुम्हाला ४ जी च्या आसपास मिळत होते, तो ६ च्या पुढे होता. दीड वळणानंतर वेग उतरायला लागला तेव्हा त्याने वळणं सोडून दिलं, वर गेला, पुन्हा आला. कमी वेगाला तो तुमच्याशी एकदाही वळलेला नाही. तुम्हाला 'दर वेळी वळतो' वाटलं, कारण तो वळायला परवडतं तेव्हाच तुम्हाला दिसतो.

मागून येणारा कळण्याचं: तो साधारण दर पंधरा-वीस सेकंदांनी विमान थोडं तिरपं करून शेपटीखाली बघतो, मग दुसऱ्या बाजूला. पूर्ण दोन तास. कंटाळा न करता. आणि तिरक्याची कसोटी लावली: दोनदा ढगाआडून आलेल्या विमानाने त्याला मारलंय, दोन्ही वेळा त्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. एकदा सूर्यातून मंजिरीताई आल्या होत्या, तेव्हाही. ज्याला सगळं आधीच दिसतं तो असा मरत नाही.

लांबचा ठिपका मात्र मला रेकॉर्डिंगवरून ठरवता येत नाही.

मंजिरी_पाषाण | मंगळवार, सकाळी ८:१०
हो, सूर्यातून मी आले होते. माझा त्या महिन्यातला सगळ्यात सुंदर हल्ला 🙂

सिंहगड_रोड | मंगळवार, सकाळी ८:३०
ठिपक्याचं मी सांगतो. स्क्रीनचा प्रश्न आहे. जुन्या १०८० रेझोल्यूशनच्या मॉनिटरवर एक पिक्सेल मोठा, म्हणून लांबचं विमान ठळक ठिपका दिसायचं. मी ४के घेतला आणि ठिपके गायब झाले, पैसे भरून आंधळा झालो. २०२३ च्या २.९ आवृत्तीत ठिपके सुधारायचं सेटिंग आलं, तरी स्क्रीन-स्क्रीनवर फरक राहतोच. काही जण मुद्दाम रेझोल्यूशन कमी करतात, काही ग्राफिक्स कार्डच्या फिल्टरने आकाश फिकं आणि विमानं काळी करतात. पोराकडे कुठला मॉनिटर आहे?

अभ्र | मंगळवार, दुपारी ३:५५
नमस्कार. धागा घारदादांनी पाठवला. सगळं वाचलं.

माझ्याकडे २४ इंची १०८० मॉनिटर आहे, ताईचा जुना. फिल्टर लावलेला नाही. डोकं ट्रॅक करायला (डोकं वळवलं की कॉकपिटमधली नजर वळते) वेबकॅम आणि ओपनट्रॅक वापरतो, टोपीला काही चिकटवलेलं नाही.

मी आधी फुकट मिळणारं टीएफ-५१ (मस्टँगचंच शिकाऊ रूप) उडवायचो. त्याला बंदुका नाहीत, म्हणून नुसतं उडवायलाच शिकलो. सेलमध्ये पी-५१ घेतलं. प्रत्येक लढतीनंतर मी रेकॉर्डिंग लावतो आणि समोरच्याच्या कॉकपिटमधून बघतो, त्याला मी कधी दिसलो असेन ते. त्यावरून कुठून यायचं ते ठरवतो. एवढंच करतो.

त्या रात्री काय उत्तर द्यावं ते कळलं नाही म्हणून गेलो. मला खेळायचंय. पण पुन्हा तसं म्हणणार असाल तर नको.

हडपसरचा_ग्लायडर | मंगळवार, दुपारी ४:१०
समोरच्याच्या कॉकपिटमधून बघतो! अरे पोरा, हे आम्ही कधी केलंच नाही. शाब्बास.

१०९_प्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ५:३०
अभ्र, घारने फाइल पाठवली, मी स्वतः बघितली. वळण स्वच्छ आहे. चॅटवर सगळ्यांसमोर बोललो होतो, हेही सगळ्यांसमोर लिहितोय. तू ये.

तिरका | मंगळवार, संध्याकाळी ६:०५
मीही फाइल बघितली, मला काही सापडलं नाही. माझी मागणी मात्र कायम आहे. प्रत्येक रविवारची फाइल सगळ्यांना खुली ठेवा, आणि फिल्टर-रेझोल्यूशनचा नियम लिहून काढा. आज अभ्र होता, उद्या कुणी दुसरा असेल.

घार | मंगळवार, रात्री ९:१५
ठरलं ते असं. फाइल सोमवारी सकाळी ग्रुपवर टाकणार. चॅटवर कुणालाही चीटर म्हणायचं नाही. शंका असेल तर फाइल, मिनिट आणि सेकंद मला पाठवायचे, मग चौघं बसून बघू. पाहिल्याशिवाय सर्वांसमोर आरोप केला तर त्या रविवारी त्याच्यासाठी सर्व्हर बंद, तो कितीही जुना मेंबर असो. फिल्टरला बंदी. रेझोल्यूशनबद्दल अजून एकमत नाही, त्यासाठी वेगळा धागा काढतो. सार्जंटकाका, एखाद्या शनिवारी नातवाला घेऊन या, फाइल बघताना तुम्ही समोर असाल तर बरं.

निवृत्त_सार्जंट | मंगळवार, रात्री ९:४०
येतो. चहा तुमच्याकडे.

सिंहगड_रोड | मंगळवार, रात्री ९:५२
रेझोल्यूशनवर बंदी घातली तर मी भांडणार, आधीच सांगतो.

१०९_प्रेमी | मंगळवार, रात्री १०:००
अभ्र, रविवारी तू के-४ घे, मी मस्टँग घेतो. बघू तुझी १०९ कशी वळते.

अभ्र | मंगळवार, रात्री १०:०८
चालेल काका. पण मी १०९ कधी उडवलेलं नाही. टेकऑफला डावीकडे ओढतं म्हणतात, ते कसं सांभाळायचं?

१०९_प्रेमी | मंगळवार, रात्री १०:२०
आधी टेलव्हील लॉक कर, ते विसरू नकोस. थ्रॉटल एकदम नाही, हळूहळू. उजवा पाय पहिल्यापासून तयार ठेव. नाक सरकलं की दाबायचं नाही, सरकायच्या आधी दाबायचं. शेपटी उचलायची घाई करू नकोस, स्टिक पुढे ढकलू नकोस, विमान स्वतः उठतं. शनिवारी रात्री नऊला सर्व्हरवर ये, रविवारच्या आधी तीन-चार टेकऑफ करून घेऊ.